भाकरी गोल व्हायला लागली ते वर्ष

एरंडोलला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोहे झाले होते, चहा यायचा होता. अशा वेळी घरातल्या सगळ्यांच्या वतीने बोलणारा एक माणूस असतो, तसे मुलीचे मामा म्हणाले, "आमच्या सुरेखाला बठ्ठा स्वयंपाक येतो. भरीत, शेवभाजी, फुणके, काहीही सांगा." यावर मुलाने नुसती मान हलवायची असते. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "मलाही येतो. दर महिन्याला मीच करायचो." मामांचा हात बशीवर थांबला. आतल्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. घरातला पुरुष दर महिन्याला स्वयंपाक का करतो, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त ते बैठकीत, पाहुण्यांसमोर, मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असताना बोलायचं नसतं. माझ्या शेजारी आबा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यावरच्या माणसालाही उत्तर द्यावंसं वाटेल अशा आवाजात, मला सोडून सगळ्यांना विचारलं, "काय म्हनना तो?" ते परत सांगायला त्या खोलीतला एकही माणूस तयार होईना. मुलीने ट्रे ठेवला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती आत गेली. तरीही होकार आला. तो कसा आला हे कोडं मला पुढे कित्येक महिने सुटलं नव्हतं. पण आधी ते 'दर महिन्याला' काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाराही मामांसारखा बशी धरून बसेल.

आमचं घर सोनगीरला, तांबट गल्लीत. सकाळी सात वाजले की गल्लीत ठोके सुरू व्हायचे. हंडे, घागरी, बंब, तपेल्या, सगळ्यांवर एकाच वेळी हातोड्या पडायच्या. बाहेरगावच्या माणसाचं डोकं तासाभरात उठायचं. आम्हाला मात्र ठोके थांबले की दचकायला व्हायचं. वाटायचं, कुणीतरी गेलं. आबा लहानपणापासून ऐरणीशी बसलेले, त्यामुळे चाळिशीतच त्यांचे कान गेले होते. भांड्याचा आवाज त्यांना हाताला कळायचा, माणसाचा मात्र कळायचा नाही. परिणाम असा की आबांना काहीही सांगायचं म्हणजे गल्लीला सांगणं. ज्वारी संपली हे गल्लीला कळायचं, माझे गणितातले मार्क गल्लीला कळायचे. आता ज्या गोष्टी बायका एकमेकींनाही कुजबुजूनच सांगतात, त्या माझी माय अशा नवऱ्याला कशा सांगणार? ती सांगायचीच नाही. घरात आम्ही तिघंच. बहीण नाही, आजी नाही, काकू नाही. माय बाहेर बसली की आबा कामावरून येऊन मागच्या दाराकडे एकदा बघायचे, आणि मग चुलीकडे न बघता माझ्याकडे बघायचे. त्यांनी स्वतः एकदाच पिठलं केलं होतं. त्याला तांब्याची चव होती. ती कुठून आली हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाहेर बसणं म्हणजे आमच्या घरी मागच्या ओसरीवर बसणं. तिथे मायचं वेगळं ताट, तांब्या, गोधडी. चूल शिवायची नाही, मीठ शिवायचं नाही, आणि उन्हाळ्यात पापडांच्या डब्यावर तर सावलीही पडू द्यायची नाही. पडली तर पापड तळताना लाल होतात, असं गल्लीतल्या थोर बायकांचं मत होतं. माय ओसरीवरून बोलून स्वयंपाक शिकवायची. तिला चूल दिसायची नाही. मी परातीत भाकरी थापायला लागलो की ती नुसत्या आवाजावरून म्हणायची, "मधे पातळ व्हयनी. कडा जाड शे. फिराव तिले." कांदा करपायच्या आधी तिला कळायचं, कळण्याच्या भाकरीचं पीठ भिजवताना पाणी जास्त झालेलं कळायचं. एकाच घरात एक माणूस ठोक्यावरून भांडं ओळखत होता आणि दुसरा थापण्यावरून भाकरी. मधे मी, ज्याला दोन्हीतलं काही येत नव्हतं. माझी पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन भाग झाले. माय ओसरीवरून म्हणाली, "राहू दे, आपण तिघं जनं शेतस."

असं तीन-चार दिवस चालायचं. मग माय डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायची, चुलीचा ताबा घ्यायची, आणि माझ्या हातची चव पुढच्या महिन्यापर्यंत विसरली जायची. मी अकरावीला गेलो त्या वर्षी मात्र माझी भाकरी गोल व्हायला लागली. नुसती गोल नाही, फुगायला लागली. खिचडी-पिठल्यावर भागायचं तिथे मी भरीत करायला लागलो, मग वांग्याची भरून भाजी, मग पातोड्यांचा रस्सा. फुणके म्हणजे भिजवलेली तूरडाळ वाटून, तिचे मुटके वाफवून कढीबरोबर खायचे. तेही मला जमले. फुणके हा पदार्थ अकरावीतल्या मुलाला का येतो, हा प्रश्न कुणालाही पडायला हवा होता. गल्लीला पडला नाही. समोरच्या शेवंताअक्का, ज्यांच्या परवानगीशिवाय गल्लीत कुणाचं बाळंतपणही होत नसे, माझी भाकरी हातात धरून दाखवत फिरल्या. "पोऱ्यानी भाकर देखा व, कशी गोल शे! याले जी बायको भेटी ना, तिनं तं भाग्यच शे." मला फार बरं वाटलं. मी त्या दिवशी डाळीला दुसऱ्यांदा फोडणी दिली.

आज मला कुणी विचारलं तर मी सांगेन की मुलाची भाकरी गोल झाली तर आधी त्याच्या आईकडे बघावं. रोज सराव झाल्याशिवाय ती गोष्ट होत नाही. पण तेव्हा आम्ही सगळे भाकरीकडे बघत होतो. माय ओसरीवर बसून तांदूळ निवडायची. कच्चं धान्य तिने शिवलं तरी नंतर धुऊन घेतलं की चालतं, अशी सवलत होती. निवडता निवडता ती अर्धे कच्चेच खायची. विचारलं तर म्हणायची, "चांगलं वाटस." हापशीवरून अर्धी घागर आणली तरी दारात बसायची, जणू काही दारात बसायचंच ठरवून आली होती. पायावर सूज. मागच्या दोरीवर जुन्या लुगड्याखाली लपवून वाळत घातलेले कापडाचे तुकडे आता लुगड्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसायचे, आणि मी तिकडे बघत नाही असं दाखवण्यात पटाईत झालो होतो. (ते कौशल्य अजून शाबूत आहे. परवा आमची मुलगी टीव्ही बघता बघता म्हणाली, "बाबा, माझी पाळी आलीय, येताना पॅड आणा," आणि मी काही कारण नसताना पंख्याकडे बघितलं.) एकदा मी धीर करून विचारलं, "माय, दवाखान्यात जाऊ या का?"

"आते कशी येऊ? आते बाहेर शे."

"मग घरात आल्यावर जाऊ."

"घरमा येवावर मग कसाले?"

व्यवस्था अशी चोख होती की रक्त जात असताना बाहेर पडायचं नाही, आणि थांबलं की दाखवायला काही उरत नाही. त्यात तिच्या बाजूने आणखी एक वाक्य होतं, ते तिला शेवंताअक्कांनी दिलं होतं, आणि त्यांना त्यांच्या सासूने: "वय व्हयनं का असंच व्हस."

मग एक दिवस माय घरात आली आणि तिने भाकरी केली. मी अभ्यासाला बसलो होतो. थापण्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. कुणीतरी ओल्या फडक्याने परात पुसतंय असा काहीतरी आवाज आला. भाकरी ताटात आली ती माझ्या पहिल्या भाकरीची बहीण होती. आबांनी ती बघितली. त्यांना वाटलं असणार की आज पोऱ्याने अभ्यास करता करता केलीय. मग त्यांनी वाढणारा हात बघितला. भाकरी ठेवून त्यांनी मायचा हात धरला, उजेडाकडे फिरवला आणि अंगठ्याने तिचं एकेक नख दाबून बघितलं. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई करतात तेव्हा आतला लाल रंग जाऊन ते पांढरं होतं. मायची नखं तशी दिसत होती. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची भांडी कल्हई करून दिली होती.

"हाई कव्हयपासून?" आबा ओरडले. म्हणजे बोलले.

"काही नही," माय म्हणाली. "वय व्हयनं का असंच व्हस."

ते त्यांना ऐकू गेलं नाही. "सकायनी यष्टी धरूत," ते म्हणाले, आणि ती तुटकी भाकरी सगळी खाल्ली.

सकाळी निघालो तर माय पुन्हा बाहेर बसलेली होती. मधे तिच्या हातची जेमतेम एक भाजी झाली होती. शेवंताअक्का दारात आल्या, कमरेवर हात. "अशी बाहेर बसेल बाईले यष्टीमा बसाडतस का, भाऊ? लोके शिवतीन!" गल्लीतले ठोके थांबले. सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. आबांना गेलं नाही. त्यांनी अक्कांना रामराम केला, मायची पिशवी उचलली आणि चालू लागले. आबांना नेमकं किती ऐकू येत होतं, याबद्दल मला त्या दिवसापासून शंका आहे. पुढे मी खूप विचार केला, पण विचारायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं.

एसटीत माय बसेना. दांडीला धरून, सगळ्यांपासून अंग चोरून उभी राहिली, कुणाला शिवायला नको म्हणून. चेहरा घामाने डबडबलेला. आबांनी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः खेटून शेजारी बसले. त्या दिवसांत घरातसुद्धा ते ओसरीवरून तिरके होऊन जायचे. आज धुळ्याच्या भर गर्दीच्या गाडीत ते तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि खिडकीतून उगाच हायवेवरचे ट्रक बघत होते. माय धुळं येईपर्यंत पदरात तोंड घालून बसली. लाजेने की ग्लानीने, ते मला कळलं नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. बाहेरच्या बाकांवर सगळ्या बायका. मी आणि आबा बाकाच्या टोकाला, शक्य तितके भिंतीत. माय आत गेली आणि तिचा आवाज आला, "चार दिस. सगळ्यासनं व्हस तसंच." मग बाईंनी पडदा सरकवून आम्हाला आत घेतलं. त्यांनी मायची पापणी खाली ओढून बघितली.

"यांचं किती दिवस चालतं?" त्यांनी आबांना विचारलं.

"काय?"

"पाळी! किती दिवस चालते!"

बाहेरचं बोलणं बंद झालं. आबांनी वळून माझ्याकडे बघितलं, चुलीच्या बाबतीत बघायचे तसं. मला दिवस माहीत नव्हते. मी ते कधी मोजले नव्हते. मला फक्त मी काय काय केलं ते माहीत होतं, म्हणून मी ते सांगायला लागलो. "पहिल्यांदा खिचडी केली. मग पिठलं. मग बाजाराची वांगी होती, त्यांचं भरीत, आणि उरलेल्यांची भाजी. मग गिलकी. मग भाजी संपली म्हणून फुणके केले, कढी—"

"थांब," बाई म्हणाल्या. "वांगी आणि गिलकी एकाच बाजाराची?"

"नाही. गिलकी पुढच्या बाजाराची."

"आणि आई अजून बाहेरच?"

"हो. त्याच्या पुढच्या बाजाराला आबांनी मेथी आणली, तेव्हा ती घरात आली."

"मग किती दिवस तिने केलं?"

"मेथी केली. आता परत मी."

डॉक्टरबाईंनी मायकडे बघितलं. "चार दिवसांत तीन आठवडे बाजार होतात का हो तुमच्याकडे?" माय माझ्याकडे बघत होती, मी मीठ विसरल्यावर बघायची तसं. बाईंनी पुढचं विचारलं, "कच्चे तांदूळ, माती, खडू, असलं काही खावंसं वाटतं?"

"तांदूळ," मी म्हणालो. "अर्धे."

"तू भाईर जाय रे," माय म्हणाली. आणि मग तिने सांगायला घेतलं. ती हळू बोलू लागली, इतकं हळू की मला तुकडेच ऐकू आले: गाठी पडतस, गोधडी भिजी जास, उभी राहिनी का डोयासमोर अंधारी येस. मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. थोड्या वेळाने बाई आबांना समजावू लागल्या आणि साहजिकच सगळ्या दवाखान्याला समजावू लागल्या. "अंगात रक्त निम्मंसुद्धा दिसत नाही! गर्भाशयात गाठ असेल! सोनोग्राफी करू! आधी रक्त चढवावं लागेल!" आबांनी बहुतेक वयाबद्दल काहीतरी विचारलं, कारण त्या आणखी जोरात म्हणाल्या, "या वयात होतं, म्हणून सोडून द्यायचं नसतं! आठवड्याच्या वर गेलं, तासा-दोन तासांत कापड भिजायला लागलं, मोठ्या गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसलं, धाप लागली, चक्कर आली, तर यायचं! दुखण्याने कामं सुटत असतील तर यायचं! बंद होऊन वर्ष झालं आणि परत दिसलं, तर लगेच यायचं! आणि रक्त जात असतानाच यायचं, थांबायची वाट बघत बसायचं नाही!"

"बरं," आबा म्हणाले.

माय बाहेर आली तेव्हा बाकावरच्या सगळ्या बायका फरशीकडे बघत होत्या. एक पिवळ्या लुगड्यातली म्हातारी, जी सुनेला घेऊन आली होती, मायला हळूच म्हणाली, "मनी कव्हयच बंद व्हयी ग्यी व्हती. आते परत दिखस. हाई बी दखाडनं पडी का व?" मायला स्वतःला नीट उभं राहता येत नव्हतं. तिने म्हातारीच्या खांद्याला हात लावला, बाहेर बसलेली असून, आणि म्हणाली, "माले नको इचारू. मजार जाय, बाईले सांग." म्हातारी उठून आत गेली. सून तिच्याकडे बघतच राहिली. नंबर सुनेचा होता.

सोनोग्राफीत गाठ निघाली. साधी होती, पण मोठी. गल्लीतले दोघे हातोडी ठेवून रक्त द्यायला धुळ्याला आले. अंगातून गेलेलं रक्त माणसाला ओसरीवर बसवतं आणि बाटलीतून आलेलं घरात आणतं, यावर तांबट गल्लीत पुढे कधी चर्चा झाली नाही. अंगात रक्त भरल्यावर काही महिन्यांनी ऑपरेशन झालं. मायच्या नखांना रंग आला. ती चुलीशी आली आणि मी बेकार झालो. शेवंताअक्कांना माझ्या भाकरीची हळहळ वाटली. त्यांनी मायला विचारलंही, आता हा कधी करणार? एका रविवारी मीच कुणी न सांगता परात घेतली. माय उठली आणि मागच्या ओसरीवर जाऊन बसली. आता तिला तिथे बसायचं काही कारण नव्हतं. "कडा जाड शे," ती तिथून म्हणाली.

सुरेखा आमच्या घरात आली तेव्हा मायने तिला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "चूल शिव, मीठ शिव, पापड शिव. काही लाल पडत नही, मी देखेल शे." त्यामुळे आमच्याकडे बाहेर बसणं संपलं होतं. पण एक दिवस मी दुपारी घरी आलो तर सुरेखा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही." ते 'काही नाही' मी आधी ऐकलेलं होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून मी परात तिथेच दाराशी आणली, पीठ मळायला घेतलं आणि थापता थापता तिला हे सगळं सांगितलं, वांगी, गिलकी, मेथीसकट. भाकरी फुगली, मी ती तिच्यापुढे ठेवली. तिने ती घेतली नाही, पण उठून बसली.

"त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मामा म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण कुठे काय बोलावं ते कळत नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, चालेल." मग तिने गुडघे पोटाशी घेतले. "मला दर महिन्याला उलट्या होईपर्यंत दुखतं. शाळेपासून. आमच्याकडे सगळ्या म्हणायच्या, लग्न झालं की थांबतं." थोडा वेळ ती भाकरीकडे बघत बसली. "लग्न तर झालं. त्या डॉक्टरबाई अजून धुळ्यालाच असतात ना?"